विमानाच्या कार्डाबद्दल माझा अभिप्राय

भाट्ये, रत्नागिरी
२ मे १९८८

तीर्थस्वरूप दादूभाऊ यांच्या चरणी धाकटा चुलतभाऊ महिपत याचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही बरे असाल, असं दर पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून मी आजवर लिहीत आलो, पण लिहिताना त्याचा विचार कधी केला नव्हता. या वेळी करतोय. तुम्ही बरे आहात ना? वहिनींची तब्येत, मुलांचे अभ्यास, तिकडची थंडी (ह्यूस्टनला थंडी नसते असं तुम्ही मागे कळवलं होतंत, पण परदेशातल्या माणसाला थंडीचं विचारलं नाही तर काही तरी राहिल्यासारखं वाटतं) सगळं ठीकच असेल अशी आशा करतो.

मागच्या आठवड्यात माझी तार मिळाली असेल. मिळालीच, कारण तुमचं उत्तर आलं. मी विचारलं होतं, 'तुम्ही आहात का', आणि तुम्ही उलट कळवलंत, 'आहे. का?' दादूभाऊ, या 'का'चं उत्तर तारेत मावणारं नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही गेल्या वर्षी मला एक काम सांगितलं होतं, त्या विमानाच्या कार्डाबद्दल अभिप्राय कळवायचं. तेही याच पत्रात उरकतो, कारण दोन्ही भानगडी एकच आहेत. पत्र वहिनींना वाचून दाखवू नका. दाखवायचंच असेल तर न्हावी येतो तिथपर्यंत दाखवा आणि पुढचं पान खिशात घाला.

गेल्या वर्षी शिमग्यानंतर तुम्ही देवरुखच्या त्या गृहस्थांबरोबर मुलांचे कपडे, काकीसाठी गुडघ्याला लावायचं मलम आणि एका पाकिटात ते कार्ड पाठवलंत. पत्रात लिहिलंत की तिकडच्या एका विमान कंपनीने आणि बँकेने मिळून हे काढलंय, घरच्या माणसासाठी एक जादा कार्ड फुकट मिळालं, नाव माझंच आहे पण सही तुझी चालेल, मुंबईत मोठ्या ठिकाणी वापरून बघ आणि आपल्याकडे त्याचा काही उपयोग आहे का ते सांग, म्हणजे ठेवायचं की बंद करायचं ते ठरवता येईल. आईला (म्हणजे आमच्या काकीला) यातलं काही बोलू नकोस, तिला उधारी आवडत नाही, असंही लिहिलंत. (हे शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलं नसतंत तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तुमच्यावर ढकलायचा माझा विचार नाही. निदान पत्राच्या सुरुवातीला तरी नाही.)

ते मैलांचं प्रकरण मी तीनतीनदा वाचलं. माणसाने साबण घ्यावा, बूट घ्यावेत, हॉटेलात जेवावं, आणि कंपनीने दर खर्चामागे त्याच्या नावावर मैल मांडून ठेवावेत, आणि पुरेसे मैल साठले की त्याला विमानात फुकट बसवावं, हे मला कुठे तरी फसल्यासारखं वाटत होतं, पण कोण फसतंय ते सापडेना. आमच्या बर्फाच्या कारखान्याचे मालक रघूशेठ (मी अजून तिथेच कारकून आहे, पगार विचारू नका) यांना मी हे समजावून सांगितलं, तर ते म्हणाले की यात नवीन काय आहे, आपल्याकडेसुद्धा उधारी वाढली की माणूस आपोआप लांब जातो, लांज्याचा तो सायकलवाला थेट सुरतेपर्यंत गेला. अमेरिकेतल्या लोकांनी त्याचं नुसतं कार्ड काढलं.

अभिप्राय द्यायचा तर वापर हवा, म्हणून मी आधी रत्नागिरीतच सुरुवात केली. वाण्याने कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि सांगितलं की रेशनची साखर इथे मिळत नाही, सोसायटीत जा. कापडाच्या दुकानात मालकाने विमानाचं चित्र लांब धरून, जवळ धरून पाहिलं आणि असलं कॅलेंडर आमच्याकडे कुणी आणून दिलं नाही म्हणून खंत केली. एस.टी.च्या कंडक्टरला मी विचारलं नव्हतं, फक्त शेजारच्या उतारूला मैल कसे मिळतात ते सांगत होतो, तर तो मध्येच म्हणाला की आमची गाडी किलोमीटरवर चालते, खाली उतरायचं तर आत्ताच सांगा. एवढं झाल्यावर मी कार्ड रुमालात गुंडाळलं आणि पेटीत डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवून दिलं. चांगली वस्तू वापरून संपवायची नसते हे आपल्या घराचं वळण तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही पहिल्या बोटीवरून आणलेला टेरिलिनचा शर्टपीस अजून त्याच पेटीत आहे, ज्याच्यासाठी आणलात तो मोठा होऊन त्याचं लग्नही झालं. दसऱ्याला गंगाने (आमच्या मंडळींनी) कोयता आणि खोबऱ्याच्या किसणीबरोबर कार्डाचीही पूजा केली. त्यावरची नावाची अक्षरं उठावाची असल्यामुळे कुंकू खाचेत बसलं ते नंतर काही केल्या निघालं नाही. खाली मुदत छापलेली होती. ती मी वाचली नव्हती असं म्हणणार नाही. वाचली होती, पण मुदत औषधाला असते, चांगल्या वस्तूला कशी असेल असं मला वाटलं.

तर गेल्या महिन्यात कारखान्याच्या यंत्राचा एक भाग आणायला रघूशेठबरोबर मुंबईला जायचा योग आला. गंगा मुलांना घेऊन माहेरी संगमेश्वरला निघाली होती. जाता जाता म्हणाली, पेटीतलं कार्ड नेताय ते मी बघितलंय, दुसऱ्याच्या कार्डावर ऐट करू नका. मी म्हटलं, ऐट कसली, हे काम आहे, दादूभाऊंना अभिप्राय द्यायचाय. आणि मुंबईत दुसऱ्याच दिवशी समुद्रासमोरच्या एका मोठ्या हॉटेलाच्या दारात मी रघूशेठना म्हणालो, शेठ, आज चहा माझ्याकडून. ते वीस वर्षांत माझ्याकडून एक विडी न घेतलेले गृहस्थ, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत शिरले. चहा आला, त्याबरोबर काकडी घातलेली सँडविचेस आली, मग केक, मग शेठनी आइस्क्रीमही मागवलं. (बर्फवाल्याने आइस्क्रीम मागवावं याचं मला नवल वाटलं. ते म्हणाले, दुसऱ्याचा माल कसा आहे ते बघायला नको?) मी खुर्चीत मागे रेललो होतो. शेजारच्या टेबलावर एका सुटाबुटातल्या माणसाने बिल न बघताच बशीत कार्ड टाकलं होतं ते मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून ठेवलं होतं. मीही तसंच टाकलं. त्या वेळी मला काय वाटलं ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं की दादूभाऊ म्हणजे मीच.

वेटर गेला तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्याबरोबर टाय लावलेला एक तरुण होता आणि त्याच्या हातात कात्री होती. तो फार हळू आवाजात बोलला, शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये एवढी त्याने काळजी घेतली, पण रघूशेठना ऐकू गेलं. कार्डाची मुदत मागच्या महिन्यात संपली होती. असं कार्ड आलं तर दोन तुकडे करून टाकायचा नियम आहे, तो म्हणाला. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि, दादूभाऊ, त्याला माझी दया आली. त्याने दोन तुकडे केले नाहीत. फक्त एक कोपरा कापला, कार्ड बशीत ठेवलं आणि आठवण म्हणून असू दे म्हणाला. त्याने निर्दयपणे मधोमध कापलं असतं तर मी आज त्याला दुवा दिला असता. बिल शेठनी दिलं. उठताना बडीशेप मागून घेतली.

आता ते कार्ड माझ्या खिशात राहीना. टाकून द्यावं तर वर तुमचं नाव. ठेवावं तर चार दिवसांनी गंगा माहेराहून परतणार, आणि तिने कोपरा बघितला की सगळं वदवून घेणार. तेव्हा मला एक युक्ती सुचली. (आयुष्यात मला युक्त्या कमी सुचल्या हे देवाचे उपकार.) काकीकडे तुमची ती हिरवी पेटी आहे. अमेरिकेहून आलेलं काहीही असो, काकी ते हातात धरते, कपाळाला लावते आणि पेटीत टाकते. तिला वाचता येत नाही, घरात दुसरं कुणी नाही. म्हणून मी पाकीट घेतलं, त्यावर काकीचा पत्ता घातला, आणि सोबत चार ओळी लिहाव्यात म्हणून पोस्टात पेन मागितलं. पेन हातात घेऊन उभा राहिलो. काय लिहू? कुणी वाचून दाखवलं तर काय वाचून दाखवणार? शरमेने मला एक ओळ सुचली नाही. शेवटी नुसतंच कार्ड आत घातलं, पाकीट चिकटवलं आणि टपालपेटीत टाकलं. यंत्राचा भाग मिळेपर्यंत आम्ही मुंबईतच राहिलो.

तिकडे राहून विसरला असाल म्हणून सांगतो. आपल्याकडे माणूस गेल्याचं कार्ड येतं ते कोपरा फाडून येतं. तसलं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, अंगणातच वाचतात आणि तिथेच फाडून टाकतात. मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. आजोबा गेले तेव्हा गावोगावच्या कार्डांचे कोपरे मी स्वतः बसून फाडले आहेत. पण पोस्टाच्या त्या खिडकीपाशी माझ्या डोक्यात गंगाशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

पुढचं मला मागाहून कळलं ते असं. पाकीट आलं तेव्हा काकी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. हात कोकमाने लाल, म्हणून शेजारच्या सगुणावहिनींनी पाकीट फोडलं. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही, एकच कार्ड, आणि त्याचा कोपरा कापलेला. सगुणावहिनी तिथेच मटकन बसल्या. काकी विचारते काय आहे, त्या नुसता कोपरा दाखवतात. मग लवूतात्यांना बोलावलं. लवूतात्या म्हणजे जन्म बोटीवर काढलेले, त्यांना इंग्रजी मोठी अक्षरं वाचता येतात, बारीक येत नाहीत. कार्डावर होती ती सगळी मोठीच, वर कुंकवाने लाल. त्यांनी बोट फिरवत वाचलं, दादू एस. नागवेकर. मग खाली गेले आणि थांबले. तिथे लिहिलं होतं, 'एक्स्पायर्स'. दादूभाऊ, तुमच्या त्या बँकेला काय ठाऊक, पण आपल्या लवूतात्यांनी पस्तीस वर्षं बोटीवर दुसऱ्यांच्या तारा बघितल्यात, आणि हा शब्द ज्या तारेत असतो ती तार घेणारा माणूस डेकवर कसा बसतो तेही बघितलंय. शब्दापुढे तीन आणि अठ्ठ्याऐंशी. म्हणजे मार्च महिन्यात. कुणी म्हणालं, एवढे दिवस कळवलं नाही कसं, तर लवूतात्या म्हणाले की तिकडे कोण कुणाला कळवतो, कंपनीने मुंबईच्या ऑफिसातून कळवलं हेच पुष्कळ. तो सोळा आकडी नंबर म्हणजे मयताच्या रजिस्टरातला नंबर, अमेरिका मोठी म्हणून आकडे जास्त. आणि वर निळ्या आभाळात चढत जाणारं ते विमान बघून सगुणावहिनींनी हंबरडा फोडला, वैकुंठाचं विमान आलं गो बाय. कार्ड फाडून टाकायला गेले तर ते फाटेना. तिघांनी ओढून बघितलं. शेवटी बाहेर कुंपणाच्या गडग्यावर दगडाखाली ठेवलं. तुमचं शेवटचं पत्र दिवाळीचं, त्यामुळे कुणाला शंका घ्यायलाही जागा नव्हती. (हेही तुमच्यावर ढकलत नाही.)

मी मुंबईहून उतरलो तो पाकिटाची चौकशी करावी म्हणून सरळ काकीकडेच गेलो. पडवीत माणसं, सगळ्यांचे केस ओले. मी विचारलं काय झालं. लवूतात्या म्हणाले, दादू गेला. दादूभाऊ, मी हातातली पिशवी टाकली आणि जमिनीवर बसून रडलो. तुम्ही मला खाडीत पोहायला शिकवलंत ते आठवलं, मी बुडायला लागल्यावर केस धरून वर काढलंत ते आठवलं, बोटीवर जायच्या दिवशी तुमची जुनी चप्पल मला देऊन गेलात ती मी दोन वर्षं घातली ते आठवलं. एवढा मी माझ्या बापासाठी रडलो नव्हतो. ते रडणं खरं होतं, त्याची मला लाज नाही. लाज पुढच्याची आहे. नाक पुसून मी विचारलं, कळलं कसं? लवूतात्यांनी गडग्याकडे बोट दाखवलं. मी गेलो, दगड उचलला, आणि माझं रडं जागच्या जागी बंद झालं. तोंड मात्र उघडंच राहिलं. सगळ्यांना वाटलं धक्का बसला. लवूतात्यांनी तोंडावर पाणी मारलं.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. तेवढ्यात काकी बाहेर आली होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "महिपता, आता तूच." दादूभाऊ, त्या हाताखाली बसून मी कसं सांगू की कार्ड मी पाठवलं, आणि का पाठवलं, तर बायकोला भिऊन? सगळी वाडी जमली होती. समुद्रावर गेलेले जाळी तशीच टाकून परत आले होते. मी मनाशी म्हटलं, जरा गर्दी ओसरू दे, मग सांगतो. गर्दी वाढत गेली. शेजारून पेज आणि लोणचं आलं, मला बळेच वाढलं, आणि मी ते खाल्लं. दुसरी वाटीही घेतली. मग भटजी आले. समुद्रावरून परत न आलेल्याचं करतात तसं तुमचंही करायचं, दर्भाचा पुतळा करून सकाळी सुरूच्या बनापलीकडे अग्नी द्यायचा, असं ठरलं. तुमची मुलं अमेरिकेत, तेव्हा अग्नी कुणी द्यायचा? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली.

सकाळी बाबल्या न्हावी आला. थोरलं माणूस गेल्यावर धाकट्याने मिशी काढायची असते. माझ्या मिशीबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्ही ती बघितलेली आहे. माझ्या अंगावर बघण्यासारखं तेवढं एकच होतं. माडाखाली पाट मांडला, मी बसलो. पलीकडे भटजी दर्भाच्या काड्या बांधत होते, तुमचे हात झाले होते आणि पायांना सुरुवात होती. काकी उंबऱ्यावर बसून त्या काड्यांकडे बघत होती. मी हे सगळं बघत होतो आणि गप्प होतो. बाबल्याने डावी बाजू एका फटक्यात उतरवली. उजव्या बाजूला वस्तरा टेकला मात्र, आणि मी ओरडलो, "थांब, दादूभाऊ जिवंत आहे!"

हे मी दुसऱ्या कुणाला लिहिणार नाही, गंगालाही सांगितलेलं नाही. काकीचा हात पाठीवर असताना जे तोंड उघडलं नाही ते मिशीला वस्तरा लागल्यावर उघडलं. कितीही वेळा मनात घोळवलं तरी त्याला दुसरा अर्थ निघत नाही. मी काढून बघितला.

उभा राहून, अर्ध्या मिशीनिशी, मी सगळं सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. हॉटेलात खायचं, पैसे द्यायचे नाहीत, कार्ड दाखवायचं, त्याचे मैल होतात आणि मैलांचं विमान मिळतं, हे माझ्याच तोंडून ऐकताना मलाही ते भ्रमिष्टासारखं वाटलं. लवूतात्या म्हणाले की मी जग फिरलो, असं कार्ड कुठल्या बंदरात बघितलं नाही, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, भटजी तुम्ही चालू द्या. भटजी पुन्हा पायांकडे वळले. शेवटी मी हात जोडून एकाला कारखान्यात पिटाळलं आणि रघूशेठना बोलावलं. शेठ आले. दादूभाऊ, मुंबईहून येताना ज्या माणसाने गाडीत माझ्याशी अवाक्षर काढलं नव्हतं त्याने त्या अंगणात पाऊण तास साक्ष दिली. मी खुर्चीत कसा रेललो, कार्ड कसं टाकलं, कात्री कोणत्या हातात होती, सँडविचच्या कडा कापलेल्या होत्या, काहीही सोडलं नाही. माणसं आधी ऐकत होती, मग एक जण हसला, मग सगळी वाडीच हसायला लागली. सुतकाच्या घरात एवढं हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी पाटावर परत बसलो आणि बाबल्याला खूण केली, कारण अर्धी ठेवून तरी काय करायची होती?

भटजी दर्भ घेऊन घरी गेले, तुमचे पाय तसेच राहिले. सगुणावहिनींचा घसा बसलाय, त्या माझ्याशी खुणेनेही बोलत नाहीत. ज्यांची जाळी फाटली ते रोज सकाळी दारावरून जाताना मला मैल मोजत जातो म्हणून सांगतात. लवूतात्यांनी मात्र अजून माघार घेतलेली नाही. एक्स्पायर म्हणजे एक्स्पायर, तुमचा दादू जिवंत असेल तर त्या कंपनीचं इंग्रजी चुकीचं, असं त्यांचं मत आहे. काकी उंबऱ्यावरून उठली. रात्रभर आमसुलं अंगणातच राहून दवाने भिजली होती, ती गोळा करायला लागली. मी शेजारी बसून गोळा करू लागलो. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तुम्हाला तार केली ती तिची खात्री पटावी म्हणून.

तर कार्डाबद्दल माझा अभिप्राय असा की ते बंद करावं. वस्तू वाईट नाही, बनावट चांगली आहे, तिघांनी ओढूनही फाटत नाही. पण जी वस्तू पेटीत जपून ठेवली तरी मरते ती आपल्या घराला सोसायची नाही. शिवाय ते तुमच्यासारख्या माणसाच्या हातात शोभतं. माझ्या हातात आलं आणि मी एका चहापुरता तुम्ही व्हायला गेलो, तर तुमच्यावरच संक्रांत आली. मला क्षमा करा. पत्रात क्षमा मागणं सोपं असतं म्हणून मागतोय, समोर असता तर एवढंही बोलता आलं नसतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापे. मोठ्यांनी आशीर्वाद द्यावेत, धाकट्यांनी माझ्यावरून शहाणं व्हावं.

तुमचा
महिपत

ता. क. : एक गोष्ट वर लिहायची राहिली, खरं तर तीच लिहायची होती. काकीचा अजून विश्वास बसलेला नाही. तुमची तार मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, तार काय, कुणीही करील. तुम्ही आहात असं मी तिला बरं वाटावं म्हणून सांगतोय, रघूशेठनाही मीच पढवून आणलं, असं तिच्या मनाने घेतलंय. कागदाने जो गेला तो कागदाने परत कसा येईल, म्हणते. मासे सोडले आहेत. आता पत्र, फोटो, टेप करून पाठवलेला आवाज, कशाचाही उपयोग होणार नाही. तुम्ही स्वतः समोर येऊन उभे राहिलात तरच. सात वर्षं झाली. बरेच मैल साठलेत असं तुम्ही मागे लिहिलं होतंत. ते मुंबईपर्यंत पुरतात का बघा, आणि पुरत असतील तर कार्ड बंद करण्याबद्दलचा माझा अभिप्राय तेवढ्यापुरता थांबवून ठेवा.

आणखी एक ता. क. : वरचा ता. क. खोटा आहे. काकीने सांगितला तसा लिहिला, पण एवढी शोभा झाल्यावर माझा हात आता खोट्याला वळत नाही. तिचा पूर्ण विश्वास बसलाय. तार वाचून दाखवली तेव्हाच बसला. 'आहे. का?' हे ऐकल्याबरोबर ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, हा दादूच, लहानपणापासून हाक मारली की ओ द्यायच्या आधी का म्हणून विचारतो. त्याच दुपारी तिने कोळंबी करून मला जेवायला घातली आणि स्वतःही जेवली. विश्वास बसला नाही म्हणून लिही, म्हणजे तो येईल, ही युक्ती तिची. मी म्हटलं, काकी, खरंच लिहू या की, तुला त्याची आठवण येते, तू आता थकलीस, त्याने यावं. ती म्हणाली, "खरा तर तू सात वर्सं लिवतंस. आला काय तो?" मी वरचा ता. क. लिहून टाकला. मग पाकीट चिकटवायच्या आधी मी तिला विचारलं, तुझं स्वतःचं असं काही लिहायचं आहे का? ती कणगीतून तांदूळ काढत होती. मान वर न करता तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "लिव त्याला. तू गेलास म्हनून आख्खी वाडी आली. यायाचा ऱ्हायलास तो तू एकलाच."